लवंग जास्त झाली

जेरार्ड तुस्कानोला चुका शोधण्याचाच पगार मिळायचा. दुबईच्या पुढे, रास अल खैमातल्या एका टाइलच्या कारखान्यात तो अठरा वर्षं सॉर्टिंगवर होता. पट्ट्यावरून टाइल सरकत यायच्या, डोक्यावर पांढऱ्या ट्यूबांचा उजेड आणि जेरार्डच्या हातात मेणाची लाल पेन्सिल. सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी त्याला हातभर अंतरावरून दिसायचं. दिसलं की फुली. पण नुसती फुली मारून गप्प बसेल तर तो जेरार्ड कसला! ती टाइल काखेत मारून तो उलटा चालू लागायचा. आधी भट्टी, मग ग्लेझचा फवारा, मग प्रेस, मग थेट माती भिजवतात तिथपर्यंत. डाग दिसतो एका जागी आणि पडलेला असतो दुसऱ्याच जागी, असं तो नव्या माणसांना बजावून सांगायचा. भट्टीवरचे मल्याळी आणि पठाण त्याला येताना बघून हसायचे. ‘यल्ला, डॉक्टरसाब आ गये,’ म्हणायचे.

अशा माणसाच्या बायकोने घरी बिअर करायची आणि त्यालाच चाखायला द्यायची, म्हणजे हिंमतच म्हणायची. लिलीने ती नऊ वर्षं केली.

लिली वसईची, गास गावची. नोव्हेंबर लागला की जेरार्डचा गाववाला विन्स्टन, जो इथल्या एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये कामाला होता, तो मॉल्टच्या काकवीसारख्या काळ्याभोर पाकाचा एक डबा आणून द्यायचा. लिली तो मोठ्या टोपात पाण्याबरोबर उकळायची. त्यात गूळ, दालचिनी, सुंठ, लवंग आणि उन्हात वाळवलेली संत्र्याची साल. गार झालं की यीस्ट घालून सगळं निळ्या पिंपात, आणि पिंप वॉशिंग मशीनच्या मागे, जुन्या चादरीखाली. बाटल्या तपकिरी, तिच्या आईने दर वर्षी वसईहून मसाला भरून पाठवलेल्या. बिल्डिंगभर वास सुटायचा. घरी दारू करायला तिथे बंदी, म्हणून कुणी विचारलंच तर नाताळचा केक म्हणून सांगायचं. तीन आठवडे रोज केक भाजणारी बाई कुणी पाहिलीये का? पण शेजारी समजूतदार होते, आणि या देशात न विचारण्याची सवय सगळ्यांनाच असते.

नाताळच्या दुपारी चार पाहुणे जमले की पहिला ग्लास जेरार्डला. लिली पदर नसलेल्या गाऊनलाच हात पुसत समोर, ओट्यापाशी उभी राहायची आणि विचारायची, ‘सांग, काय चुकलंय?’ छान झालीये का, असं तिने कधी विचारलं नाही. नवरा ठाऊक होता ना. जेरार्ड घोट तोंडात घोळवायचा, डोळे बारीक करायचा, आणि काहीतरी काढायचाच. सुंठ पुढे आलीय, साल कडवट लागतेय, गूळ जुना आहे. मग मात्र खिशातली लाल पेन्सिल काढून बाटलीवर पहिल्या प्रतीचा मोठा ‘ए’ लिहायचा, आणि सगळे टाळ्या वाजवून ग्लास पुढे करायचे. लिली लाजायची. पन्नाशीला टेकलेली बाई, पण त्या एका अक्षराला लाजायची.

नव्व्याण्णव साली नाताळ रमजानात आला. पडदे ओढून, टेप हळू लावून, दबक्या आवाजात सण चालला होता. लिलीने बारा बाटल्या टेबलावर रांगेने मांडल्या. पहिली उघडली, ग्लास भरला आणि जेरार्डच्या हातात दिला. त्या वर्षी तिने काही विचारलं नाही. नुसती बघत राहिली.

जेरार्डने घोट घेतला आणि त्याचं तोंडच वाकडं झालं. लवंग! तोंडभर, घसाभर, कानापर्यंत लवंग. तो म्हणाला, ही बिअर आहे की दाताच्या डॉक्टरचा दवाखाना? विन्स्टन खो खो हसला. हसणारं माणूस मिळालं की जेरार्डला चेव यायचा. त्याने पेन्सिल काढली आणि बाटलीवर फुली मारली. पाहुणे आणखी हसले. मग तो रांगेने निघाला. बाराच्या बारा बाटल्यांवर त्याने लाल फुल्या मारल्या आणि शेवटी हात झटकून म्हणाला, ‘लवंग जास्त झाली. अख्खा लॉट रिजेक्ट. खलास.’

लिलीही हसली. हसून झाल्यावरही ती तिथेच उभी राहिली, त्याच्या तोंडाकडे बघत, अजून काहीतरी यायचं बाकी आहे अशी. जेरार्डला वाटलं, रागावली. विन्स्टनने हॉटेलातून आणलेली व्हिस्की निघाली, ग्लास धुतले गेले, आणि ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी बाटल्या टेबलावर नव्हत्या. ओतून दिल्या, असं ती म्हणाली.

पुढच्या मे महिन्यात लिलीच्या नाकाच्या मागे गाठ निघाली. डॉक्टरने फोटो दिव्यापुढे धरला आणि सांगितलं, चार-पाच महिने आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. जेरार्डने तिला मुंबईला नेलं, किरणांचे शेक दिले, इंजेक्शनं दिली. नोव्हेंबरात, बिअरचं पिंप धुवायच्या दिवसांत, लिली गेली. गासच्या चर्चच्या आवारात तिला ठेवून जेरार्ड एकटा परत आला आणि पुन्हा ट्यूबांच्या उजेडाखाली उभा राहिला.

लोकांना वाटायचं, जेरार्ड सावरला. सावरतो कसला! तिचं दुखणं, तिचे केस जाणं, शेवटचे दिवस, हे सगळं तो आठवू शकायचा. एक ती नाताळची दुपार सोडून. तिच्या आयुष्यातला शेवटचा नाताळ, आणि त्याने चार माणसांत तिच्या कामावर बारा वेळा फुली मारली. त्यावर त्याच्यापाशी एकच उत्तर होतं: बिअर खरंच वाईट होती. मी खोटं बोललो नाही. वाईटाला वाईट म्हणणं हा माझा धर्म आहे. हे तो रोज, डबा उघडताना, बसमध्ये, आंघोळ करताना स्वतःला सांगायचा, आणि सांगून सांगून त्याला थोडी झोप लागायची.

दोन हजार एकच्या डिसेंबरात त्याने नोकरी सोडली. नाताळाला वसईत असायचं, परत यायचं नाही, असं ठरलं. मुलगी सोफिया मुंबईला कॉलेजात होती. ती सामान आवरायला आली. शुक्रवार, तिकडचा सुट्टीचा वार होता, चर्चमध्ये सकाळची मिसा करून दोघं घरी आली आणि सोफिया शिडी लावून न्हाणीघरावरच्या माळ्यात शिरली. थोड्या वेळाने ती लिलीच्या निळ्या गाऊनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून उतरली. गाऊन उलगडला. आत तपकिरी बाटली, झाकण घट्ट, आणि काचेवर लाल फुली.

सोफिया जमिनीवरच बसली. ‘डॅडी, इट्स ममाज बिअर,’ ती म्हणाली.

अकरा ओतल्या आणि एक ठेवली. का ठेवली, हे आता कोण सांगणार? जेरार्डने बाटली उजेडाकडे धरली, हलवली, तळाचा गाळ पाहिला, सगळं अगदी कामावर असल्यासारखं केलं. मग ती ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, खराब झाली असेल, ओतून टाक. सोफियाने साफ नकार दिला. आपण दोघांनी ती चाखायची, आजच, असं तिने इंग्लिशमध्ये ठणकावून सांगितलं आणि ग्लास कुठल्या खोक्यात गेले ते शोधायला आत गेली.

जेरार्ड ओट्यापाशी उभा राहिला. वर्षभर जे उत्तर उशाशी घेऊन तो झोपत होता, ते खरं की खोटं, हे त्या बाटलीत होतं. बिअर चांगली निघाली तर? चार माणसांना हसवायला म्हणून आपण ती फुली मारली असेल तर? बिअर वाईटच निघावी, अशी त्याने मनातल्या मनात प्रार्थना केली. मेलेल्या बायकोच्या हातचं वाईट निघावं म्हणून प्रार्थना! त्याची त्यालाच शरम वाटली, पण त्याने ती केली.

तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधली मैमुनाबी आली होती. ती चिपळूणकडची, नवरा सिमेंटच्या फॅक्टरीत फोरमन. ईद नुकतीच झाली होती, म्हणून तिने शीरखुर्मा आणला होता, आणि लिलीची एक जुनी स्टीलची वाटी परत करायला आणली होती. वाटी तिने ओट्यावर ठेवली आणि तिची नजर बाटलीवरच्या लाल फुलीवर गेली.

‘या अल्ला,’ ती म्हणाली. ‘ही त्याच सालची ना?’

जेरार्डने मान हलवली. मैमुनाबीने पदर डोक्यावर नीट घेतला आणि खालच्या आवाजात, माफी मागावी तशी बोलायला लागली. म्हणाली, जेरारभाऊ, तुम्ही आता चाललात, म्हणून एकदा बोलून टाकते. त्या लवंगा माझ्या. त्यात लिलीचा काही दोष नव्हता. याच वाटीत ती ते पाणी घेऊन माझ्या दारात यायची, यीस्ट पडायच्या आधी, नुसतं मसाल्याचं गोड पाणी असताना, म्हणून मी ओठाला लावलं. मला विचारायची, लवंग लागते का? आमच्या घरात लवंगेला हात सैल. मी म्हटलं, अजून घाल. ती घालून आली, मी म्हटलं, अजून थोडी घाल. मला काय ठाऊक, तुमच्या त्या बिअरला किती लागते!

जेरार्डला काही कळेना. त्याने विचारलं, पण तिने तुला का विचारलं? तिने स्वतः का नाही चाखलं?

मैमुनाबी त्याच्याकडे बघतच राहिली. त्याला सगळं ठाऊक आहे असं धरून ती बोलत होती, आणि त्याला काहीच ठाऊक नाही हे तिला आत्ता, या ओट्यापाशी कळलं. क्षणभर ती दाराकडे वळली. मग थांबली. आता अर्ध्यावर ठेवून जाणं तिलाच बरं वाटेना.

तिने सांगितलं ते असं. त्या सालच्या ऑक्टोबरपासून लिलीला वास येत नव्हता आणि चव कळत नव्हती. आधी सर्दी वाटली, मग नाकातून रक्त आलं, एकदा, दोनदा. ती घाबरली. मैमुनाबी म्हणाली, घरी सांग. लिली म्हणाली, सोफियाची बारावी आहे, मार्चपर्यंत थांबते, उगाच घर हलायला नको. पण मनातून तिला सांगायचं होतं. एकट्याने ते ओझं बाळगवत नव्हतं.

‘मला म्हणाली, मैमुना, तोंडाने सांगायचा मला धीर होत नाही,’ मैमुनाबी म्हणाली. ‘पण तो चाखेल. चाखल्यावर त्याला कळेल काहीतरी बिघडलंय. मग तो विचारेल, का बिघडलं. त्याला विचारल्याशिवाय राहवतच नाही. विचारलं की सांगून टाकेन.’

जेरार्डने ओट्याची कड धरली.

‘त्या नाताळच्या दिवशी रोजा सुटल्यावर केक घेऊन आली. हसत होती. म्हणाली, त्याने पहिल्या घोटाला ओळखलं गं, लवंग जास्त झाली म्हणाला, बाराही बाटल्यांवर लाल फुल्या मारल्या. मी म्हटलं, मग सांगितलंस? तर म्हणाली, त्याने विचारलंच नाही.’

मैमुनाबी रडत होती. तिने पुन्हा लवंगांची माफी मागितली. जेरार्डने तिला कसंबसं सांगितलं की लवंगांचं काही नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस. ती गेली. शीरखुर्म्याच्या भांड्यावर सायीचा पापुद्रा धरू लागला होता.

सोफिया आतून ग्लास घेऊन आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. भिंती पातळ होत्या, तिने सगळं ऐकलं होतं. बाटलीचं झाकण तिनेच उघडलं. हलकासा फस्स आवाज झाला. दोन वर्षं बंद राहूनही तिच्यात जीव होता. काळी बिअर ग्लासात उतरली, वर विटकरी फेस आला, आणि रिकाम्या स्वयंपाकघरात तो वास सुटला.

जेरार्डने घोट घेतला.

लवंग. तीच. दोन वर्षांत एक पाऊलही मागे हटली नव्हती. जीभ बधिर करणारी, घशात जाऊन बसणारी. त्याने दुसरा घोट घेतला, डोळे मिटले आणि तिच्या मागे काय आहे ते शोधू लागला. गूळ बरोबर होता. सुंठ जिथे हवी तिथे होती. संत्र्याच्या सालीचा कडवटपणा अगदी शेवटी, हवा तेवढाच. हे सगळं तिने नुसत्या हाताच्या अंदाजाने घातलं होतं, काही वास येत नसताना, काही चव कळत नसताना. एका लवंगेवर तिचा भरवसा उडाला, आणि ती वाटी घेऊन समोरच्या दारात गेली.

म्हणजे त्याचं बरोबर होतं. बिअर खरंच वाईट होती. त्याची प्रार्थना ऐकली गेली होती, आणि तिचा त्याला काडीचा उपयोग नव्हता.

आणि मग, इतक्या उशिरा, तो उलटा चालू लागला. फुलीपासून मागे, टाइल काखेत धरून चालायचा तसा. नोव्हेंबरात दूध करपलं होतं, सगळ्या घरात धूर, आणि लिली शेजारच्या खोलीत शांतपणे सोफियाचा फ्रॉक शिवत होती. तो तिच्यावर ओरडला होता. त्याच्या आधी एकदा गॅस सुरू राहिला होता. तेव्हा तर तो फारच बोलला होता. समुद्रकाठच्या रस्त्यावर, कोर्निशजवळच्या मासळी बाजारात सुरमईचे कल्ले उचलून नाक लावल्याशिवाय जी पुढे जायची नाही, तिने मासा त्याच्यापुढे धरून विचारलं होतं, बघ रे, ताजा आहे का? त्याला त्या दिवशी बरंच वाटलं होतं, शेवटी माझी पारख मानली म्हणून. उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग होता. डाग! तो त्याला दिसला होता. त्याने अभ्रा धुवायला टाकला होता.

सगळं दिसलं होतं त्याला. मातीपर्यंतची वाट होती, एकेक खूण तिने वाटेवर ठेवली होती, आणि शेवटी बारा बाटल्या रांगेने मांडून ती समोर उभी राहिली होती. परक्यांच्या न्हाणीघरातल्या टाइलसाठी जो माणूस रोज भट्टीपर्यंत चालत गेला, तो घरच्या टेबलापासून ओट्यापर्यंत चार पावलं गेला नाही. पाहुणे हसत होते. त्याला ते हसणं हवं होतं.

‘डॅडी, यू डोन्ट हॅव टू फिनिश इट,’ सोफिया म्हणाली. तिने आपला ग्लास एका घोटावरच ठेवून दिला होता.

तिचाही ग्लास जेरार्डने आपल्यापुढे ओढला आणि प्यायला. मग बाटली तिरकी करून उरलेली ओतली. तळाचा गाळ घ्यायचा नाही, शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्यायचं, हा लिलीचा नियम. दर वर्षी ती सगळ्यांना दम द्यायची. त्याने बाटली पूर्ण उपडी धरली. गाळ आला, आणि गाळाबरोबर लवंगेचा एक मऊ पडलेला तुकडा. तोही त्याने दातांखाली धरला.

मग तो ओट्याकडे वळला. ती दर नाताळला उभी राहायची त्या जागेकडे. आता तिथे नुसती स्टीलची वाटी होती आणि मागे टाइलची भिंत, त्यानेच निवडून लावलेली, एकही डाग नसलेली.

‘लिली,’ तो म्हणाला, ‘लवंग का गं जास्त झाली?’

सोफिया त्याच्याजवळ आली आणि शेजारच्या बांधलेल्या खोक्यावर बसली. तोही बसला. जेरार्ड ओट्याकडे बघत होता, कुणी आता सांगेल म्हणून थांबलेल्या माणसासारखा.